मायच्या पाटावरची भाडेकरू

वर्षातून एक दिवस मी मेलेली बाई असायचे, आणि त्या दिवशी माझा थाट काही विचारू नका. पाय धुवायला पाणी, कपाळाला कुंकू, बसायला पाट, समोर पळसाची पत्रावळ आणि हात जोडून उभा असलेला साठी ओलांडलेला मुलगा. उरलेलं वर्षभर मी त्याच मुलाची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. म्हणजे मोटर चालू ठेवून विसरणारी, जिन्यात चपला काढणारी आणि त्याच्याच शब्दांत सांगायचं तर "साताऱ्याकडची, तोंडाची तिखट बाई".

हा मुलगा म्हणजे आमचे घरमालक. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नागपूरच्या मनीषनगरात त्यांचं दुमजली घर. खाली काका-काकू, वर मी. नवरा चंद्रपूरला नोकरीला, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मी इथे शाळेत शिकवायचे. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. उंच, वाळकुडे. उन्हाळा लागला की अंगात बनियन आणि डोक्याला ओला दुपट्टा, तो पार जून संपेपर्यंत उतरायचा नाही. नागपूरच्या उन्हाशी त्यांचं वैयक्तिक वैर होतं. सकाळी गेटपाशी उभं राहून सूर्याकडे बघत ते म्हणायचे, "आला. आला लेकाचा. जसं याच्या बापानं बोलावलं."

काकांचा सगळा जीव पाण्याच्या मोटरीत. गच्चीवरची टाकी भरायला बावीस मिनिटं लागतात, हे त्यांनी घड्याळ लावून काढलेलं होतं. एकविसाव्या मिनिटाला स्वारी जिन्याखालच्या बटणापाशी हजर. टाकीवरून एक थेंब खाली पडला तर तो कुणामुळे पडला याची चौकशी व्हायची. आणि घरात राहणार आम्ही तिघं, त्यामुळे चौकशीला वेळ लागायचा नाही.

मी राहायला आले त्याच आठवड्यात मोटर लावली आणि वह्या तपासत बसले. टाकी भरली, वाहिली, गच्चीवरून पाणी अंगणात आलं. काका धाडधाड जिना चढून दारात.

"मॅडम! टाकी वाहून राहिली! हा नागपूरचा उन्हाळा हाये. इथं चिमणीले प्यायले पाणी भेटत नाही, आन् तुम्ही आंगण धुऊन राहिल्या?"

चूक माझीच होती, पण दारात येऊन कुणी असा आवाज चढवला की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "अहो, ओरडताय काय? नीट सांगता येत नाही? आईनं हेच शिकवलं का तुम्हाला?"

काका माझ्याकडे बघत मागे सरले आणि आले तसे जिना उतरून गेले. मला वाटलं, झालं, आता खोली सोडायला सांगणार. मी मनातल्या मनात सामानही बांधायला घेतलं. पण आठ दिवसांनी ते वर आले ते भलताच निरोप घेऊन.

"मॅडम, अक्षय तृतीयेले आमच्याकडे जेवाले या. सकाळपासून काही खाऊ नका."

आमच्याकडे साताऱ्यात अक्षय तृतीया म्हणजे हळदीकुंकू, पन्हं, आंब्याची डाळ आणि बायकांच्या गप्पा. मी म्हटलं, येते की.

पण त्याआधी आंब्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चैत्र लागला की काका दर दोन दिवसांनी एसटीनं गावी जायचे. काटोलच्या पुढे त्यांचं गाव. तिथे भावकीच्या शेतात त्यांच्या वाट्याची गावरान आंब्याची तीन झाडं होती. शेंदऱ्या, खोबऱ्या आणि शेप्या. गावरान आंबा पिकतो उशिरा, तृतीया येते लवकर, म्हणून काका झाडाखाली बसून पहिल्या पाडाची वाट बघायचे. चार तयार आंबे मिळाले तरी पिशवी छातीशी धरून परत. मग बैठकीच्या खोलीत, दिवाणाखाली, तणसाच्या पेंढ्यात आंबे पिकायला लावायचे. पाहुणा दिवाणावर बसायला लागला की काका म्हणणार, "हळू बसा. खाली आंबे झोपले हायेत."

डोळे मिटून, देठाशी नाक लावून ते आंबा ओळखायचे. "हा शेंदऱ्याचा. हा खोबऱ्याचा. आन् हा शेप्या, याले शेपूच्या भाजीचा वास येते." मी एकदा दोन आंबे मुद्दाम अदलाबदल करून दिले, तरी बरोबर सांगितलं. आणि पिकले की वाटायचे. भाजीवाल्या बाईला, पोस्टमनला, मला. स्वतः मात्र फोडसुद्धा तोंडात टाकायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "आपलं काम वास घ्याचं." मला वाटलं साखरेचा आजार असेल. पण हा माणूस चहात तीन चमचे साखर घालायचा आणि वरून जिलबी खायचा. माझ्या तर्कात ते काही बसेना.

तर ती पहिली तृतीया. मी चांगली साडी नेसून खाली गेले. दारातच काकांनी माझ्या पायांवर पाणी घातलं. मी दचकून मागे सरकले. काकूंनी कुंकू लावलं, पाटावर बसवलं. बाजूला मातीची नवी घागर, तिच्यात वाळा घातलेलं पाणी, वर एक खरबूज. विदर्भातली माणसं पाहुणचाराला मोठी, हे मी ऐकून होते. पण इतकी? माझी मान ताठ झाली. पत्रावळीवर वडे, कढी, कुरडया, चिंचेचं गूळपाणी आणि मधोमध हा एवढा मोठा वाडगाभर रस.

आता माझी पंचाईत अशी की मला आंबा बाधतो. खाल्ला की दुसऱ्या दिवशी तोंड येतं. मी वाडगा बाजूला सरकवला आणि म्हटलं, "रस नको हो. मला नाही चालत."

वाढायची पळी धरलेला काकूंचा हात तसाच थांबला. काका पुढे वाकले. "एक घोट?"

"नको म्हटलं ना."

काकांचा चेहरा उतरला. मी मात्र चार वडे हाणले, कढीचं कौतुक केलं, हात धुतले आणि वर निर्लज्जपणे म्हटलं, "पुढच्या वर्षीपण बोलवा हं." काका जिन्यापर्यंत हात जोडून आले. "माय, सांभाळून जाजो." मला वाटलं, इथे बायकांना असंच म्हणत असतील.

पुढचे पंधरा दिवस काका माझ्याशी मोटरीवरून एकदाही भांडले नाहीत. मला चैन पडेना. एकदा मी मुद्दाम टाकी वाहू दिली. ते गुपचूप आले, बटण बंद केलं आणि गेले. तेव्हा मात्र मी घाबरले. गच्चीवर काकू कुरडया वाळत घालत होत्या. त्यांना गाठून विचारलं, "काकू, काकांना बरं नाही का?"

काकू म्हणाल्या, "बरं कसं राहीन? मायनं रसाची वाटी सरकवली नं."

"कुणाच्या मायनं?"

"त्याइच्या. तुम्ही होत्या नं वं त्या दिवशी माय."

मग काकूंनी मला समजावलं. त्यांच्याकडे तृतीयेला पितर जेवतात. गेलेल्या माणसाच्या नावानं एखाद्याला पाटावर बसवतात. जेवण होऊन हातावर पाणी पडेपर्यंत तो माणूस म्हणजे साक्षात पितर. त्यानं खाल्लं ते पितरानं खाल्लं, त्यानं टाकलं ते पितरानं टाकलं. सासूबाईंना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि त्या वर्षी त्यांच्या पाटावर मी होते.

"अहो, मग मला आधी सांगायचं ना!"

"आम्हाले वाटलं तुमाले माहीत हाये. हे काय सांगाची गोष्ट हाये?"

आणि मग काकूंनी ती दुसरी गोष्ट सांगितली. त्यांच्या घरी तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा कापत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी सासूबाई आजारी होत्या, बैठकीतल्या त्याच दिवाणावर. तृतीया चार दिवसांवर आली आणि त्यांनी रस मागितला. काका म्हणाले, "चार दिवस थांब माय. तू बरी होशीन, मंग सारे मिळून खाऊ." डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण काकांनी सोडली नव्हती. नेम मोडून आत्ताच रस द्यायचा म्हणजे माय तृतीया बघणार नाही हे कबूल करायचं, आणि तेच त्यांना करायचं नव्हतं. त्यांची थोरली बहीण नागपुरातच, सक्करदऱ्याला राहायची. तिला मायची इच्छा कळली, ती भर दुपारी डब्यात रस घेऊन आली. काकांनी तिला गेटातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी माय गेली. रस राहिला तो राहिलाच.

"ताई गेटात उभी राहून म्हणाली, बाबू, मी आता या घरचं पाणी पिणार नाही. नाहीच आली मंग. आन् याइनं तेव्हापासून आंबा तोंडात घातला नाही. दरसाल मायले रस वाढते आन् पाह्यत राह्यते, किती पेते म्हणून. आन् तुम्ही तर वाटीच सरकवली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशी त्या दिवशी मी मेलेलीच होते म्हणा.

एवढ्या नागपुरात काकांना मीच का सापडले, हे मी त्यांना पुढे एकदा विचारलं. ते म्हणाले, "दहा वर्षं येगयेगळ्या बाया बसवल्या. साऱ्या बिचाऱ्या खाली मान घालून जेवून जात. माझी माय तशी नव्हती. थे पह्यले रागवे, मंग जेवे. तुम्ही तर पह्यल्याच भांडणात माझी माय काढली. म्हटलं, हेच बाई पाह्यजे."

दुसऱ्या वर्षी मी चार वाट्या रस प्यायले. पुढे दहा दिवस तोंड आलं, वर्गात मुलांवर ओरडता येईना, पण प्यायले. काका प्रत्येक वाटीला "आणखी, माय?" म्हणत खुलत होते. पहिलीत नंबर आलेलं पोर जसं घरी पळत येतं ना, तसा त्यांचा चेहरा झाला होता. आता खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. काकूंनी सांगितलेलंच होतं की पितरानं पाटावरून काही मागितलं तर ते द्यावं लागतं. मी आवाज जरा खोल काढला आणि म्हटलं, "बाळा, त्या वरच्या बाईच्या कूलरला दिवसातून दोनदा पाणी सोडत जा."

काकांनी रसाची पळी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझ्या मायले कूलरची हवा सोसत नव्हती. थे कूलरले पाणी काहून मागीन? हे भाडेकरू बोलून राहिली."

काकू पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या. मी खाली मान घालून चौथी वाटी घेतली. म्हणजे काकांना सगळं कळत होतं. पाटावर कोण बसलंय आणि त्यातून कोण बोलतंय याचा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का होता. हा माणूस वेडा नव्हता. वेडा असता तर सोपं झालं असतं.

आता काका नाहीत. काकूंनी मोटरीला एक यंत्र बसवून घेतलंय, टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते. मला ते यंत्र अजिबात आवडत नाही. आम्ही जवळच बेसाला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलो त्यालाही बरीच वर्षं झाली. घर सोडल्यावरही काका होते तोवर मी दर तृतीयेला त्या पाटावर बसत होते. पण माझ्या मनात राहिलीय ती तिसऱ्या वर्षाची तृतीया, त्या घरात भाडेकरू म्हणून माझी शेवटची.

सुट्टी लागलेली. महिनाभरात आम्ही बेसाला जाणार होतो, त्या दिवशी दुपारी सामानवाला माणूस अंदाज घ्यायला यायचा होता आणि त्यासाठी नवरा वर येऊन थांबला होता. म्हटलं, तासाभरात जेवून वर येते. पाटावर बसले. पाय धुतले, कुंकू झालं. त्या वर्षी शेंदऱ्यानं फार कमी फळ दिलं होतं, तरी वाडगा काठोकाठ होता. काका समोर मांडी घालून बसले. आणि माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे आणखी एक पत्रावळ मांडली होती. वडे, कढी, कुरडई, सगळं वाढलेलं. समोर पाट रिकामा.

"ती कुणाची?"

काकू म्हणाल्या, "लेकीचा वाटा. तृतीयेले लेक माहेरी येते नं. वाढून ठेवतो. मंग गाईले देतो."

"दर वर्षी?"

"हाव. तेरा वर्षं झाले."

मी आधी दोन वर्षं तिथेच बसले होते आणि ती पत्रावळ मला दिसली नव्हती, कारण माझं सगळं लक्ष स्वतःच्या थाटात. याचा मला राग आला आणि तो सगळा काकांवर निघाला. सक्करदरा काय विलायतेत आहे? मानेवाडा रोडनं गेलं तर स्कूटरनं अर्ध्या तासाच्या आत. आणि हा माणूस बहिणीचा वाटा गाईला घालतोय!

मी हातातला घास खाली ठेवला. "मी जेवणार नाही."

"काहून? काय झालं माय?"

"लेक आल्याशिवाय मी घास घेणार नाही."

काकांनी डोळे बारीक केले. "हे कोण बोलून राहिलं? माय, का भाडेकरू?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण मागच्या वर्षीचा कूलर आठवला. मी म्हटलं, "भाडेकरू बोलतेय. पण बसलेय तुमच्या मायच्या पाटावर. तुम्हीच सांगा, लेकीला उन्हातून गेटातूनच परत पाठवलं, हे तुमच्या मायला चाललं असतं? ती काय म्हणाली असती?"

काकांनी कोपऱ्यातल्या पत्रावळीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "बदडलं असतं मले."

"मग?"

"थे येणार नाही."

"बोलावलं होतं कधी?"

काकांनी माझ्यापुढचा वाडगा उगाचच सरळ केला.

"तेरा वर्षं गाईला बोलावलं. बहिणीला एकदाही नाही. कमाल आहे बाई तुमची!"

आतून काकूंचा आवाज आला, "हेच मी म्हणून राहिली. माझं कोण आयकते?"

काका उठले. बादलीत दुपट्टा भिजवला, डोक्याला गुंडाळला, खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली. दारात वळून म्हणाले, "माय, उठू नका." आणि गेले. दुपारचा दीड वाजला होता. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी अडकलेय. हातावर पाणी पडल्याशिवाय पितरानं उठायचं नाही. पाणी घालणार मुलगा. आणि मुलगा गेला सक्करदऱ्याला.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. बोटांवरची कढी वाळून कडक झाली. डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या, मग पायच गेला. काकू सुपानं पत्रावळीवरच्या माश्या उडवत होत्या. वर नवरा आणि सामानवाला. पदरात ठेवलेला फोन वाजला. नवरा. "अगं, आहेस कुठे? तो माणूस कधीचा येऊन बसलाय."

"मी मेलेय," मी म्हटलं. "नंतर फोन कर."

पण खरं सांगायचं तर एव्हाना माझा सगळा जोर ओसरला होता. काकूंनी तीनदा खिडकीतून बघितलं. चौथ्यांदा म्हणाल्या, "सदुसष्ट वर्षांचं माणूस. ऊन लागलं म्हणजे?" मग जरा थांबून, "आन् ताई नाही आली तर मंग याइचं काही खरं नाही. हे पुन्हा मायले बसवणार नाहीत. मी वळखते त्याइले." कुणी सांगितलं होतं मला हे शहाणपण? महिन्याभरात घर सोडून जाणार मी. जेवायचं, हात धुवायचे, वर जायचं. दुसऱ्याच्या तेरा वर्षांच्या जखमेत बोट घालायला मला कुणी बोलावलं होतं? मी काकूंना तसं म्हणालेही. काकू म्हणाल्या, "आता बोलल्या तर बोलल्या. बसा."

तीनच्या सुमारास स्कूटर वाजली.

मला पाटावरून सरळ गेट दिसत होतं. काका उतरले. मागच्या सीटवरून एक ठेंगणीशी, चांगली मजबूत, सत्तरीची बाई उतरली. डोक्यावरून पदर, मांडीवर धरून आणलेला स्टीलचा डबा हातात. काकांनी गेट उघडलं आणि धरून उभे राहिले. ती आत येईना. तिथूनच ती म्हणाली, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात:

"बाबू, मी काय बोलली होती, याद हाये का?"

"हाये. या घरचं पाणी पिणार नाही म्हणे."

"मंग?"

काका खाली मान घालून उन्हात उभे. काकूंनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखायला लागलं.

"पाण्याचं बोलली होती," ताई म्हणाली. "रसाचं नाही बोलली." आणि पदर सावरत आत आली.

अंगणातल्या नळावर पाय धुवायला गेली तर नळ कोरडा. मे महिना, टाकी रिकामी. काकांनी धावत जाऊन जिन्याखालचं मोटरीचं बटण दाबलं.

पाय धुऊन ताई बैठकीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे का माय?"

"हाव," काका म्हणाले. "दीड वाजल्यापासून बसली हाये. तुझ्याबिगर जेवत नाही म्हणे." आवाज असा, जणू माझी तक्रारच सांगत होते.

"माय एवढी जाडी नव्हती," ताई म्हणाली.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. ती माझ्यासमोर खाली बसली, गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू. डबा उघडला. रस होता. काकूंनी विचारलं, "आज केला?"

"दरसाल करते. तृतीयेच्या सकाळी करते, डब्यात भरते. म्हणते, आज बाबू घ्याले येईन, आज येईन. संध्याकाळी मंग नातवंडं खाऊन टाकतात." तिनं माझी वाटी ओढली आणि डबा त्यात वाकडा केला. "घे वं माय."

मी प्यायले. उन्हातून आलेला रस, कोमट झालेला, जरा आंबूसच. तिनं माझ्या तोंडाकडे टक लावून विचारलं, "गोड हाये का?"

काका बघत होते. काकू बघत होत्या. मी शाळेत कुणाला फुकटचा अर्धा मार्क कधी दिलेला नाही. पण तो प्रश्न मला नव्हताच आणि उत्तरही मी माझं देणार नव्हते.

"गोड आहे," मी म्हटलं. "त्याला पण दे."

ताईनं वाटीत रस घेतला आणि भावाकडे वळली. "आ कर."

"मले नको."

"माय सांगून राहिली. आ कर."

सदुसष्ट वर्षांच्या माणसानं आ केला. तेरा वर्षांनी आंबा तोंडात. त्यांनी डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळायला लागलं. मग डोळे न उघडताच म्हणाले, "बजारचा हाये. बैगनपल्ली. शेंदऱ्याची सर नाही याले."

"चूप बस आन् खा," ताई म्हणाली. आणि स्वतःही रडायला लागली. काकू रडत होत्याच. मी पण रडले, उगाच का लपवू. तेवढ्यात ताईनं स्वतःची पत्रावळ ओढून घेतली, गार झालेला वडा मोडला आणि काकूंना म्हणाली, "मीठ कमी हाये." काकांनी दिवाणाखाली हात घालून तणसातून एक आंबा काढला, देठाशी नाक लावलं आणि तिच्यापुढे धरला. "हा पाह्य. हा शेंदऱ्याचा. याचा वास घे." दोघंही त्या एका आंब्यावर डोकी जुळवून बसली. माय कशी रागवायची, माय कुणाला जास्त मारायची, यावरून भांडण सुरू झालं.

आणि वर पाण्याचा आवाज झाला. टाकी भरली होती. मी सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बावीस मिनिटं होऊन गेली होती. गच्चीवरून पाण्याची धार खिडकीवरून अंगणात पडायला लागली. तापलेल्या फरशीचा ओला वास आत आला. काकू अर्ध्या उठल्या. "अहो, मोटर. टाकी वाहून राहिली."

"वाहू दे," काका म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"वाहू दे. बस खाली. माय अजून पाटावर हाये."

माझा पाय केव्हाच बधिर झाला होता. हाताला कोपरापर्यंत रस चिकटला होता. फोन पदरात थरथरत होता, वर माझा नवरा आणि सामानवाला वाट बघत होते. पाण्याचा तांब्या काकांच्या मांडीशी भरलेला होता. तो उचलून त्यांनी माझ्या हातावर धार धरली की मी भाडेकरू होणार होते आणि माय जाणार होती.

मी हात धुवायला पाणी मागितलं नाही.